चार किलो दोनशे

३ ऑक्टोबर, रविवार

ही वही वजनकाट्यांच्या नोंदींसाठी होती. ऑफिसात आता सगळं कॉम्प्युटरवर गेलं, म्हणून कोरी वही घरी आणली. दुकानांतले आणि गोदामांतले काटे खरं बोलतात की नाही हे तपासायची नोकरी मी तेवीस वर्षं करते आहे. त्यामुळे या वहीत ग्रॅम फार येतील, हे आधीच कबूल करून टाकते.

मागच्या रविवारी बाजारातून आणलेली पालकाची जुडी घरी पोचेपर्यंत मान टाकून बसली होती. ती निवडताना प्रश्न पडला, की आपण दोघं आठवड्याला भाजी खातो तरी किती? सात दिवस सगळी भाजी निवडून झाल्यावर तोलली. आज बेरीज केली: चार किलो दोनशे ग्रॅम. मग पुढचा प्रश्न आपोआप आला. एवढी भाजी आपल्याच गच्चीवर निघेल का? कायमची नाही, पण एक आठवडा तरी? बाहेरून एक पानही न आणता?

आचाऱ्याला विचारलं. आचारी म्हणजे माझा नवरा. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सव्वीस वर्षं चारशे माणसांचं जेवण त्याच्या हातून गेलं. तीन आठवड्यांपूर्वी त्याने काम सोडलं. गुडघा उभं राहू देत नाही म्हणाला. तेव्हापासून दिवसभर जेवणाच्या टेबलाशी बसून शब्दकोडी सोडवतो आणि स्वयंपाक मी करते.

"कर की," एवढंच म्हणाला.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने सांगायला लाज वाटते. माझा स्वयंपाक सुधारला आहे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण माझ्या हातच्या भाजीला नाव न ठेवता हा माणूस कधी उठला नव्हता. आता तीन आठवडे चकार शब्द नाही. ताट चाटूनपुसून साफ.

५ ऑक्टोबर

बियाणेवाल्याकडे गेले. त्याने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हातातल्या यादीकडे पाहिलं.

"पहिलीच वेळ?"

"हो."

"मग मेथी, मुळा, पालक, कोथिंबीर. ही चार आपली आपण येतात, माणसाने मध्ये मध्ये केलं नाही तर. लसणाच्या पाकळ्या घरातल्याच खोचा, पात मिळेल. पुदिन्याची काडी कुठूनही मागून आणा. एक घेवडा लावा हवं तर. टोमॅटोच्या नादी इतक्यात लागू नका."

मी टोमॅटोच्या पाकिटाला हात लावलाच. त्याने पाकीट काढून घेतलं आणि दोन बोटभर रोपं कागदात गुंडाळून दिली. "हट्टच असेल तर रोप न्या. बी पेरून वाट बघत बसाल आणि मग मला शिव्या द्याल."

संध्याकाळी रंगाचे रिकामे डबे आणि बादल्या गोळा केल्या. तळाला भोकं पाडायला आचाऱ्याने सळई गॅसवर लाल केली. प्लास्टिक जळून असा धूर झाला की मी खोकत खोकत जिन्यात पळाले. तो मात्र त्यातच उभा, अगदी शांतपणे, एकामागून एक भोकं पाडत होता. भट्टीपुढे आयुष्य काढलेल्या माणसाला धुराचं काय.

९ ऑक्टोबर

खालच्या काकू वर आल्या. घर त्यांचं आहे, आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने. गच्चीवरची मातीची पोती बघून त्या दारातच थबकल्या.

"अगं, हे सगळं माझ्या डोक्यावर येणार का?"

प्रश्न रास्त होता. मी एका बादलीत माती भरली, पाणी खाली गळेपर्यंत ओतलं आणि काट्यावर ठेवली. एकोणीस किलो. अशा चोवीस बादल्या. मग गच्चीचा नकाशा काढून दाखवला, की सगळं ओझं कडेने भिंतींवर येईल आणि मधली फरशी मोकळी राहील. प्रत्येक बादलीखाली दोन विटा, म्हणजे ओल साचणार नाही. काकूंनी नकाशा उलटा धरून बराच वेळ पाहिला.

"तुला नोकरीत हेच शिकवतात का?"

"थोडंफार."

"बरं. पण पहिली मेथी मला."

१० ऑक्टोबर, रविवार

पेरलं. मेथी, पालक, मुळा, धणे, घेवडा. लसणाच्या तीस पाकळ्या, मागून आणलेली पुदिन्याची काडी. टोमॅटोची दोन रोपं सगळ्यांत मोठ्या बादल्यांत, कुबेरासारखी. आचाऱ्याने पाण्याच्या दोन-दोन बादल्या एका वेळी वर आणल्या. गुडघ्याचं काय विचारलं तर म्हणाला, "व्यायाम चांगला असतो त्याला."

१४ ऑक्टोबर

मेथी आली. चौथ्याच दिवशी. बी डोक्यावर टोपीसारखं घेऊन वर येते आणि मग टोपी टाकून देते, हे मी एकावन्न वर्षांत पाहिलं नव्हतं. ऑफिसला उशीर झाला. मुळाही आलाय, दोन-दोन पानं बदामासारखी.

धण्यांचा पत्ता नाही.

१९ ऑक्टोबर

धणे अजून नाहीत. आचाऱ्याने कोड्यातून मान वर न करता विचारलं, "रगडले होतेस का पेरण्याआधी?"

"कशाला?"

"धणा एक दिसतो, पण आत दोन बिया असतात. लाटणं फिरवून दोन करायचे, रात्रभर भिजवायचे, मग पेरायचे."

"हे आधी सांगायचं होतंस."

"तू विचारलं नाहीस."

नवी बादली पेरली. आयुष्यभर धणे खाल्ले आणि एकदाही फोडून आत पाहिलं नाही, याचं मलाच नवल वाटलं.

२२ ऑक्टोबर

आज चिडले. ऑफिसातून आले तर काकू आमच्या दारावर थापा मारत होत्या. जिन्यात जळक्या दुधाचा वास कोंडला होता. आत गेले तर पातेलं कोळसा झालेलं, आणि आचारी दहा पावलांवर टेबलाशी बसलेला.

"डोळा लागला होता," म्हणाला.

हातात पेन होतं. कोड्यातल्या शेवटच्या शब्दाची शाई अजून ओली होती.

लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात असते, रुग्णालयात क्ष-किरणाच्या यंत्रावर काम करते. तिला म्हटलं, बाबा घरात बसून बसून मनाने खचलेत बहुतेक. समोर दूध जळतं तरी लक्ष नसतं.

"आई, त्यांना सरळ विचार ना."

"विचारलं. गुडघा म्हणतात."

"गुडघ्याने दूध उतू जातं का?"

पोरीचं बोलणं बापासारखंच आहे.

२४ ऑक्टोबर, रविवार

कोंब फुटलेले सात बटाटे पोत्यात पुरले. पोतं अर्धं दुमडलेलं, झाड वाढेल तशी माती घालत पोतं उलगडत जायचं. आत काय चाललंय ते तीन महिने दिसणार नाही. मला हे जड जाणार आहे.

३१ ऑक्टोबर, रविवार

चोर आहे. मेथीची तीन पानं, पुदिन्याची तीन, लसणाच्या पातीचं टोक, नुकत्याच उगवलेल्या कोथिंबिरीची दोन, रोज सकाळी. गोगलगाय म्हणावी तर कडा कुरतडलेल्या नाहीत, नखाने खुडल्यासारखा स्वच्छ तुकडा. पक्षी इतका हिशेबी असतो का? काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझी मेथी मी राजरोस मागून घेईन."

२ नोव्हेंबर

चोर सापडला. सकाळी सहाला दबकत वर गेले. आचारी पाण्याच्या टाकीशी पाठमोरा बसला होता. पुढे चार वाट्या, प्रत्येकीत एक पान. डोळे मिटून वाट्या हातानेच मागेपुढे करायचा, एक उचलायची, पान चोळायचं, नाकाशी धरायचं. बराच वेळ. मग डोळे उघडून वाटीत बघायचं. मग पुन्हा.

चेहरा दिसला नाही. हाक मारावीशी वाटली नाही. तशीच खाली आले.

ध्यानधारणेचा काही प्रकार असावा. टीव्हीवर सांगतात, श्वासावर लक्ष द्या वगैरे. चांगलं आहे, मन रमतंय. रोजची दहा-बारा पानं गेली तर गेली, ती 'इतर' या सदरात लिहीन.

१४ नोव्हेंबर, रविवार

पहिला मुळा. पंच्याऐंशी ग्रॅम, पाल्यासकट एकशे चाळीस. मी एक चकती तोंडात टाकली आणि सिंककडे धावले. इतका तिखट मुळा जन्मात खाल्ला नव्हता. ऊन फार आणि पाणी कमी पडलं की असा होतो म्हणे.

आचाऱ्याने उरलेला मुळा सफरचंदासारखा चावून खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "झोंबतोय," म्हणाला. "नाकात झोंबतोय." मग मातीतले आणखी पाच उपटून खाऊ का म्हणून विचारलं. काम सोडल्यापासून त्याला इतकं खूश पाहिलं नव्हतं. पाच मुळे गेले, नोंदीला एकच राहिला.

मुळ्याच्या दोन बादल्यांना मी आता मुद्दाम पाणी कमी घालणार आहे.

२० नोव्हेंबर

मेथीची पहिली कापणी, चारशे दहा ग्रॅम. कबूल केल्याप्रमाणे भाजी करून काकूंना वाटी पाठवली. अर्ध्या तासात वाटी परत आली, भरलेली.

"राग मानू नकोस," काकू दारातच म्हणाल्या. "मेथी छान, कोवळी. पण तेल खवट झालंय गं तुझं. फार दिवसांचं आहे का?"

मला कालपासून सर्दी, त्यामुळे मी काही सांगू शकत नव्हते. पण आचाऱ्याने तीच भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली होती. सव्वीस वर्षं स्वयंपाकघरात घालवलेल्या माणसाला खवट तेल कळणार नाही? काकूंचं वय झालं.

तरी त्याला विचारलं. "मला ठीक वाटली," म्हणाला आणि उठून गेला.

आता कळतंय. माझं मन राखायला तो खवट भाजी दोनदा वाढून घेऊन जेवला. असा माणूस मिळायला भाग्य लागतं. तेल मात्र ओतून टाकलं.

५ डिसेंबर, रविवार

वाईट आठवडा. पालकाच्या पानांखाली माव्याची कीड, काळे ठिपके बसावेत तशी. साबणाचं पाणी मारलं, तीन दिवस एकेक पान उलटं करून पुसलं. दोन बादल्या तरीही काढून टाकाव्या लागल्या. घेवडा लागलाय, पण एका वेळी मूठभर. या आठवड्याची एकूण भाजी एक किलो तीनशे. चार किलो दोनशेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी.

खरं सांगायचं तर आज वाटलं, सोडून द्यावं. चोवीस बादल्यांत दोन माणसांचं पोट बसवायला निघालेली मी कोण लागून गेले? जे लोक चारशेंचं पोट भरतात ते गप्प बसलेत आणि मी काटा घेऊन नाचते आहे.

मग दुपारी टोमॅटोला पिवळी फुलं दिसली. मोजली. अकरा.

१२ डिसेंबर, रविवार

कॅन्टीनचे मॅनेजर घरी आले. आचाऱ्यासमोर हात जोडायचेच बाकी ठेवले त्यांनी. नवा आचारी टिकत नाही, लोक डबे आणायला लागलेत. "तुम्ही नुसते उभे राहा. उभे नका राहू, बसा. खुर्ची देतो."

"नाही जमायचं," आचारी म्हणाला आणि गच्चीवर निघून गेला. पायऱ्या दोन-दोन चढत.

मी मॅनेजरना खालपर्यंत सोडायला गेले. ते म्हणाले, "वहिनी, तुमची तब्येत कशी आहे आता?"

"मला काय झालंय?"

ते गोंधळले. "नाही, ते म्हणाले होते, तुमचं बरं नसतं, घरी कोणीतरी हवं. म्हणून तर आम्ही फार ओढून धरलं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि त्या दिवसाचं मनावर घेऊ नका म्हणावं. मोठ्या पातेल्यातला वाटाणा तळाला करपला, चारशे माणसांचं जेवण गेलं, होतं असं. हे तिथेच उभे होते, ढवळत होते, तरी झालं. कोणी एक शब्द बोललं नाही त्यांना. दुसऱ्या दिवशी यांनीच राजीनामा आणून दिला."

मला गुडघा सांगितला, त्यांना मी आजारी असल्याचं सांगितलं. दोन काटे दोन वजनं दाखवायला लागले की तिसरीकडे तोलून बघायचं असतं. पण तिसरा काटा कुठून आणू?

१३ डिसेंबर

विचारायचं ठरवलं होतं. विचारलं नाही. तो टोमॅटोची बगलफुटी, म्हणजे पानांच्या बेचक्यातले जादा कोंब, खुडत होता, इतक्या हळुवार हातांनी की बोलवेना.

१६ डिसेंबर

घडलं तसं लिहून ठेवते.

ऑफिसातून आले. दुसऱ्याच पायरीवर गॅसचा वास. दार ढकललं तर घर भरलेलं. चहाचं आधण उतू जाऊन बर्नर विझलेला, आणि आचारी ओट्याशी उभा, हातात काडेपेटी. काडी बाहेर काढलेली.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. काडी हिसकावली, कॉक बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या, त्याला दंडाला धरून गच्चीवर ओढत नेलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. चिडला नव्हता, घाबरला नव्हता. लहान पोर गणित चुकल्यावर बघतं तसा बघत होता.

"गॅस येत होता?" त्याने विचारलं.

तेव्हा मला कळलं. सगळं एकदम. दूध, धूर, खवट तेल, चार वाट्या.

"कधीपासून?"

"ऑगस्टमध्ये तो ताप आला होता ना, आठ दिवस. त्यानंतर." तो टाकीला टेकून बसला. "कांदा परतत होतो आणि समोर नुसता रंग बदलत होता. दुसरं काहीच नाही. वाटलं, सर्दी आहे, जाईल. गोड कळतं, खारट कळतं, मेथी कडू लागते. बाकी सगळं पुठ्ठा. मग वाटाणा करपला. मी त्याच्यावर वाकून उभा होतो गं. लोक पलीकडच्या दालनातून धावत आले आणि मी त्यांनाच विचारतोय, काय झालं."

"मला का नाही सांगितलंस?"

त्याने जवळच्या बादलीतलं मेथीचं पान खुडून चोळलं. मग म्हणाला, "आचाऱ्याला नाक नाही, हे मोठ्याने म्हटलं की खरं होतं."

मी रडले. मग तशातच आठवलं आणि विचारलं, "म्हणजे माझ्या हाताला चव आलीय ते..."

तो इतका हसला की खालून काकूंनी हाक मारली, सगळं ठीक आहे ना.

१८ डिसेंबर

डॉक्टरकडे जाऊन आलो. लेकीनेच पत्ता आणि वेळ दोन्ही मिळवून दिलं, आणि फोनवर बापाला अर्धा तास फैलावर घेतलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तापात वासाची नस दुखावते. परत येते, नाही येत, अर्धवट येते, हमी कोणी देत नाही. उपाय एकच: चार वेगवेगळे वास, रोज दोन वेळा, मन लावून, कित्येक महिने.

"ते करतोय मी," आचारी म्हणाला. "ऑक्टोबरपासून. पुदिना, लसणाची पात, मेथी, कोथिंबीर."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. हिने गच्चीवर लावलं होतं, म्हणून."

मुळा नाकात झोंबतो तेही विचारलं. त्या म्हणाल्या, झोंबणं आणि वास या दोन वेगळ्या वाटा आहेत, झोंबण्याची वाट शाबूत आहे. मला हे इतकं विलक्षण वाटलं की तिथेच चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं.

गॅस गळला की ओरडणारं यंत्र बसवलं. मी घरात नसताना शेगडी पेटवायची नाही, हा नियम त्याने मुकाट्याने मान्य केला.

१९ डिसेंबर, रविवार

आता परीक्षा मी घेते. त्याच्या डोळ्यांवर रुमाल, मी वाटी पुढे करते, तो सांगतो. वीस वेळा. आज पाच बरोबर.

"किती?"

चार पानं, वीस फेऱ्या. नुसती नावं फेकली तरी पाच बरोबर येतात. आठ म्हणावं असं वाटलं. पण आयुष्यात कोणाला खोटं वजन लिहून दिलं नाही.

"पाच. अंदाजाने येतात तेवढेच."

"बरं," म्हणाला. रुमाल काढून त्याची घडी घातली. "उद्या परत."

२७ डिसेंबर

सहा. पाच. चार. पाच. लिहून ठेवते, वाचत नाही.

३ जानेवारी

आज परीक्षेबाहेर काहीतरी घडलं. तो टोमॅटोची बगलफुटी खुडून खाली आला, हात धुतले आणि धुतलेला हात नाकाशी धरून उभा राहिला.

"हाताला काहीतरी आहे."

"काय?"

"माहीत नाही. पण काहीतरी आहे."

मी हात हुंगला. टोमॅटोच्या पानांचा तो उग्र, हिरवा, धातूसारखा दर्प साबणानेही गेला नव्हता. त्याला सांगायला गेले आणि लक्षात आलं की माझ्याकडे शब्दच नाहीत. इतकी वर्षं नाक असून मी काय केलं त्याचं?

११ जानेवारी

कोथिंबिरीला जळक्या रबराचा वास येतो म्हणाला. वाटी दूर ढकलली, पाणी प्यायला, आणि मग इतका आनंदला की पुन्हा ओढून घेतली. डॉक्टरीणबाईंना फोन केला. नस जागी होताना आधी असे वेडेवाकडे वास दाखवते म्हणाल्या. तरी रोज कोथिंबीर हुंगून तोंड वाकडं करणारा आणि वर खूश होणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहते आहे.

वीसपैकी नऊ.

२३ जानेवारी, रविवार

गच्चीचा आठवडा आजपासून. काल मुद्दाम बाजारात गेले नाही. कांदा सोडून बाहेरची कुठलीच भाजी नाही, असं ठरलं. मेथीची तिसरी पेरणी तयार, पालक पुन्हा फुटलाय, दुसरा घेवडा लगडलाय.

आज पोतं फोडलं. आचाऱ्याने मातीत हात घातला आणि एकेक बटाटा माझ्या हातात देत गेला, जणू सुईण. सात बटाट्यांचे एक किलो सहाशे पन्नास झाले. तीन महिने आत काय चाललंय ते न बघता राहिल्याचं फळ.

२७ जानेवारी

पालक, घेवडा, बटाटा. काल टोमॅटो, सहा, पिकलेले. आचारी फळीवर चिरतो, मी शेगडीशी. तो विचारतो, "आता काय वास येतोय?" मी सांगते. "कच्चा." "अजून कच्चा." "आता गोडसर." तो मान हलवतो, आच कमी करायला सांगतो. माझी भाजी आता खरोखरच सुधारली आहे, आणि या वेळी काकूंचा दाखला आहे.

२९ जानेवारी, शनिवार

आठवडा संपला. एकूण तीन किलो नऊशे साठ. दोनशे चाळीस ग्रॅम कमी पडले. आज रात्रीच्या जेवणाला मुळ्याचा पाला आणि दोन अंडी होती. आचारी म्हणाला, उपाशी कोणी राहिलं नाही, तेव्हा जमलं म्हण. मी वहीत 'कमी' असंच लिहिलं आहे. तरी चोवीस बादल्यांकडून एवढं मिळेल असं मला ऑक्टोबरात कोणी सांगितलं असतं तर त्याचा काटा तपासला असता.

परीक्षेत अकरा.

७ फेब्रुवारी

आचारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कॅन्टीनला गेला. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. दुपारी आल्यावर बूट काढता काढता म्हणाला:

"सगळ्यांना बोलावून सांगितलं. गुडघा नाही, बायको आजारी नाही, वास येत नाही. थोडा येतो, तो भलताच येतो."

"मग?"

"भाजी चिरणाऱ्या मावशी म्हणाल्या, एवढंच ना, नाकं काय इथे कमी आहेत?" त्याने बूट भिंतीशी नीट लावून ठेवले. "येत्या सोमवारपासून या म्हणाले. मावशी माझ्या शेजारी उभ्या राहणार."

१६ फेब्रुवारी

कारखान्याच्या गोदामातल्या काट्यांची वार्षिक तपासणी आज माझ्या वाट्याला आली. मागून घेतली असं कोणी म्हणेल, तर नाही म्हणणार नाही.

काम बाराला आटोपलं. जेवणाची घंटा झाली तशी कामगारांच्या रांगेत उभी राहिले, ताट हातात घेऊन. खिडकीतून आतलं दिसत होतं. पातेल्यापाशी आचारी, त्याच्या शेजारी पदर खोचलेल्या मावशी. त्या वाकून वास घ्यायच्या, काहीतरी म्हणायच्या, तो आच कमी करायचा. एकदा दोघांचं जुंपलं. तो चमचा आपटून काहीतरी बोलला, त्यांनी कमरेवर हात ठेवले, आणि शेवटी त्यानेच पातेलं उतरवलं.

कोपऱ्यातल्या बाकावर जेवायला बसले. दोन घास झाले असतील, समोर सावली पडली. आचारी उभा होता, कपाळावर घाम, खांद्यावर फडकं.

"कसं झालंय?"

सव्वीस वर्षं त्याने हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता. लोकांची ताटं बघूनच त्याला कळायचं. आजूबाजूचे चार-पाच जण खायचे थांबले.

मी आणखी एक घास घेतला. नीट चावला. घाई केली नाही.

"मीठ बरोबर. बटाटा छान शिजलाय. लसूण थोडा जास्त परतलाय, कडेला कडवट लागतो."

त्याने खिशातून पेन्सिल काढली, हातातल्या कागदावर 'लसूण' लिहिलं आणि आत गेला. खिडकीतून मावशींचा आवाज आला, "मी सांगत होते ना."

ताट संपवलं. अजून वेळ होता, भूकही होती. पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिले.